ट्रंक, खणांचं कपाट, जातं आणि फोन: कोकणातल्या घरात ऐकायचं मांडणशिल्प उभं करताना

सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत, चिऱ्याच्या भिंती आणि मंगळुरी कौलं असलेल्या एका जुन्या घरात आम्ही गणपतीच्या दिवसांत एक मांडणशिल्प उभं केलं. घरात कोणी राहत नाही. शेजारचे किल्ली सांभाळतात, अधूनमधून झाडलोट करतात. माजघर, एक खोली आणि मागची पडवी एवढ्या जागेत चार वस्तू ठेवल्या: पत्र्याची ट्रंक, सहा खणांचं फणसाच्या लाकडाचं कपाट, दगडी जातं आणि चकतीचा काळा टेलिफोन. वस्तू हाताळली की वाडीतल्याच कोणाचा तरी आवाज ऐकू येतो. फोनवर ऐकून झालं की आपणही बोलायचं असतं. वाडीत, शाळेत किंवा वाचनालयात असं काही करू बघणाऱ्यांसाठी हे तपशिलात लिहितो आहोत, कारण कलादालनाच्या कोरड्या, वातानुकूलित खोलीसाठी लिहिलेल्या सूचना कोकणातल्या भाद्रपदात टिकत नाहीत.

आधी आशय, मग तारा. या पट्ट्यातली निम्मी घरं मुंबईवर चालली. आधी भाऊच्या धक्क्यावरून मालवण-वेंगुर्ल्याकडे येणारी बोट, मग एसटी, आणि मग कोकण रेल्वे, जिचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला. नवरा गिरणीत, बायको गावात, आणि दोघांमधलं बोलणं कायम तिसऱ्याच्या तोंडून. पत्र शेजारच्या शाळकरी पोराने लिहायचं, आलेलं पत्र पोस्टमनने ओटीवर उभं राहून वाचायचं. मनीऑर्डरच्या फॉर्मवर मजकुराला दोन-चार ओळींची जागा. पुढे फोन आला तोही वाण्याकडे किंवा शेजाऱ्याकडे, घरातली पाच माणसं ऐकत असताना "बरी असस मा?" एवढंच विचारता यायचं. म्हणजे इथली जवळीक बंद दाराआड वाढलेली नाही, चारचौघांत जपलेली आहे. आमच्या मांडणीची सगळी रचना याच एका गोष्टीवरून ठरली: घर माणसांनी भरलेलं असताना एका वेळी एकाच्याच कानात आवाज जायला हवा, आणि तो ऐकण्यासाठी हाताला ओळखीची हालचाल करावी लागायला हवी. मोठे स्पीकर, टचस्क्रीन, भिंतीवरचा प्रोजेक्टर हे सगळं याच कारणाने बाद केलं.

जपानमधल्या ओत्सुची गावात इतारू सासाकी यांनी २०१० मध्ये स्वतःच्या बागेत काचेच्या खोक्यात तार न जोडलेला फोन ठेवला. पुढच्या वर्षीच्या त्सुनामीनंतर हजारो माणसं तिथे आली आणि आपल्या मृत माणसांशी बोलली. त्यात एकही इलेक्ट्रॉनिक भाग नाही. रिसीव्हर कानाला लावला की माणूस आपोआप एकटा होतो, एवढ्यावर ते काम उभं आहे. यंत्रं निवडायच्या आधी प्रत्येकाने यावर विचार करावा.

ध्वनिमुद्रणाला सुरुवात मे महिन्यात करावी. तेव्हा चाकरमानी आलेले असतात आणि पाऊस नसतो. प्रश्न वस्तूचा विचारायचा, भावनेचा नाही. "तुम्हाला त्यांची आठवण यायची का?" या प्रश्नाला "येणारच की" एवढंच उत्तर मिळतं. "पयल्यांदा मुंबैक गेलात तेवा ट्रंकेत काय काय भरलात?" म्हटलं की माणूस खालपासून वरपर्यंत अख्खी ट्रंक उपसतो. साल विचारू नये. लोक "संपाच्या वर्षी" म्हणतात, "रेल्वे यायच्या आधी" म्हणतात. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, हे आपण नंतर नोंदीत लिहावं. कपाटाचे खणही आम्ही सालवार लावले नाहीत. बोट, एसटी, रेल्वे, पत्र, मनीऑर्डर आणि फोन असे सहा खण केले.

सगळ्यात ऐकला गेला तो पत्राचा खण. त्यात एक आजी सांगतात की, पत्राचा मजकूर शेजारचा मुलगा लिहायचा, त्यामुळे त्यात पाऊस, गाय आणि सासूचा गुडघा. पण चैत्राच्या सुमाराला त्या आंतर्देशीय पत्राऐवजी मुद्दाम जास्त पैशाचं पाकीट आणवून घ्यायच्या, कारण आंतर्देशीय पत्रात आत काही घालायला मनाई होती. पाकिटात त्या सुरंगीच्या वळेसरातली (गजऱ्यातली) चार सुकलेली फुलं टाकायच्या. सुरंगी सुकली तरी तिचा वास राहतो. लिहिणाऱ्या पोराला त्यातलं काही कळायचं नाही. उत्तराच्या पत्रात फुलांचा उल्लेख कधीच नसे, फक्त शेवटी "पाकीट पोचले" असे दोन शब्द जास्तीचे असत. हे एक मिनिट दहा सेकंदांचं ध्वनिमुद्रण आहे, आणि आम्ही त्यात एकही काट मारली नाही.

संमतीचं काम यंत्रांपेक्षा जास्त वेळ खातं, तो वेळ द्यावाच. छापील फॉर्मवर सही घेणं ही संमती नव्हे. आम्ही मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचो आणि तीन वेगळ्या परवानग्या विचारायचो: वाडीत ऐकवायला, मुंबईतल्या मंडळात ऐकवायला, इंटरनेटवर ठेवायला. बहुतेकांनी पहिली दिली, थोड्यांनी दुसरी, तिसरी अगदी मोजक्यांनी. संपादन झाल्यावर प्रत्येकाला त्याचा अंतिम तुकडा ऐकवून पुन्हा विचारायचं, कारण बोलताना वाटत नाही ते ऐकताना टोचतं. दुसरी अडचण गोष्टीतल्या तिसऱ्या माणसाची. सांगणारीने परवानगी दिली, पण तिने ज्या जावेबद्दल सांगितलं ती दोन घरं सोडून राहते. असा भाग जावेला विचारल्याशिवाय वापरायचा नाही, आणि विचारणं शक्य नसेल तर सोडून द्यायचा, कितीही चांगला असला तरी. बायकांचं ध्वनिमुद्रण ओटीवर केलं तर सासर बोलतं, बाई बोलत नाही. मागीलदारी किंवा चुलीपाशी बसावं आणि माइक धरणारीही बाईच असावी.

मुद्रणासाठी खिशात मावणारा साधा रेकॉर्डर पुरतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह फाइल ठेवावी. तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा एका बाजूला, आणि पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी. पंखा बंद. फ्रिजही बंद, आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी म्हणजे निघताना तो परत सुरू करायची आठवण राहते. प्रत्येक ठिकाणी कोणी न बोलता अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करून घ्यावी. दोन वाक्यं जोडताना मधे तीच भरावी लागते, नाहीतर जोड कानाला खटकतो. पत्र्याच्या छपराखाली पावसात मुद्रण करू नये, तो आवाज नंतर कशानेच निघत नाही. कोंबडा, कावळा, लांबून जाणारी एसटी राहू द्यावी.

संपादनात ८० हर्ट्झच्या खालचा घुमारा काढला आणि सगळ्या तुकड्यांचा आवाज कानाला सारखा लागेल असा बसवला. लांबी ४० सेकंद ते दीड मिनिट. दीड मिनिटाच्या पुढे उभा माणूस पाय बदलतो आणि रांग मागून ढकलते. मालवणी आहे तशी ठेवली.

आता वस्तू. ट्रंक आणि खणांसाठी स्पर्श ओळखणारे सेन्सर वापरू नयेत. हवेतला दमटपणा वाढला की त्यांची पातळी सरकते आणि पावसाचा झोत खिडकीतून आला की कोणी हात न लावताही आवाज सुरू होतो. उजेड ओळखणारा सेन्सर अंधाऱ्या माजघरात निरुपयोगी. सगळ्यात भरवशाचा म्हणजे रीड स्विच: काचेच्या बंद नळीतल्या दोन पात्या, चुंबक जवळ आलं की चिकटतात. काचेमुळे खारी हवा आत जात नाही. स्विच ट्रंकेच्या काठाला आतून आणि चुंबक झाकणाला. पण ट्रंक लोखंडी पत्र्याची, तो पत्रा चुंबकाचं बळ ओढून घेतो. म्हणून दोन्हींच्या खाली सेंटिमीटरभर जाडीचा लाकडाचा तुकडा द्यावा आणि झाकण बंद असताना दोघांत सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नये. सोल्डर करण्यासाठी नळीच्या टोकाच्या तारा तशाच वाकवल्या तर काच मुळाशी तडकते. तार मुळाशी पक्कडीत धरूनच वाकवावी.

खणांचा घोळ वेगळाच. मेमध्ये अलगद सरकणारा खण श्रावणात फुगून बसतो. पाहुण्याने जोर लावला की अख्खा खण हातात येतो आणि मागच्या तारा तुटतात. दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर रंधून घ्यावं, सरकायच्या जागेवर मेण चोळावं, आणि मागे लाकडी अडसर मारून खण वीतभरच उघडेल असं करावं. तार खणाला जोडायचीच नाही. खणाच्या पाठीला फक्त चुंबक, आणि स्विच कपाटाच्या स्थिर मागच्या फळीवर.

आवाजासाठी फोन सोडून प्रत्येक वस्तूत एक आर्डुइनो नॅनो (स्विच कधी बदलला ते ओळखून हुकूम देणारी छोटी सर्किटची पाटी) आणि एक डीएफप्लेयर मिनी बसवला. हा छोटा प्लेयर दीडशे-दोनशे रुपयांत मिळतो, ३२ जीबीपर्यंतचं मेमरी कार्ड घेतो आणि ३ वॅटचा लहान स्पीकर थेट चालवतो. त्याच्या तीन खोडी आहेत. नॅनोकडून त्याच्याकडे जाणाऱ्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर नसेल तर शांततेत किरकिर ऐकू येते. फाइल सुरू होताना तो एकदम जास्त वीज ओढतो, व्होल्टेज पडतं आणि तो स्वतःच पुन्हा सुरू होतो, म्हणून त्याच्या पायांशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. तिसरी खोड कार्डाची: क्रमांकाने वाजवताना तो फाइलचं नाव बघत नाही, कार्डावर ती कितवी उतरली ते बघतो. म्हणून कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करावं, फाइली एकेक करून क्रमाने उतरवाव्यात, आणि मॅकवरून उतरवल्या असतील तर सोबत आलेल्या लपलेल्या फाइली पुसाव्यात. नाहीतर बोटीच्या खणातून मनीऑर्डर बोलते.

ट्रंकेत स्पीकर झाकणाला नाही, तळाशी, जुन्या धोतराच्या घडीखाली ठेवला आणि आवाज इतका हळू की वाकल्याशिवाय शब्द लागत नाहीत. हीच गोष्ट मांडणीत सगळ्यात महत्त्वाची ठरली. वाकलेल्या माणसाचं तोंड ट्रंकेत, पाठ खोलीकडे. ट्रंक ४५ सेंटिमीटर उंचीच्या बाकावर ठेवली, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांनाही कंबरेतून वाकता येतं. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी बाजूला एक बटण ठेवलं. दाबलं की पुढचा एकच तुकडा मोठ्याने वाजतो.

जात्यावर आम्ही जास्त रेंगाळलो, कारण तिथे आवाज हाताच्या गतीशी बांधायचा होता. ओव्यांचं मुद्रण बसल्या जागी करून घेतलं तर बायका दुसऱ्या ओळीला अडखळतात. हातात खुंटा दिला की ओवी आपसूक येते. म्हणून जातं फिरवतानाच मुद्रण केलं, दगडाचा घरघराट राहू दिला. माइक जमिनीवर ठेवू नये, हादरा थेट त्यात उतरतो. ग्रामीण महाराष्ट्रातल्या लाखाहून अधिक ओव्या गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या गटाने गोळा केल्या. गाणारीचं नाव आणि गाव ओवीसोबत नोंदवायची त्यांची शिस्त आम्हीही पाळली; ज्यांनी परवानगी दिली त्यांची नावं जात्याशेजारच्या पाटीवर होती.

जात्याला भोक पाडायचं नाही, डिंक-एपॉक्सीही लावायचं नाही. लग्नकार्यात त्याची पूजा होते, डाग कोणी खपवून घेणार नाही. वरच्या तळीभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली आणि तिच्याखाली सारख्या अंतरावर चार छोटी चुंबकं सरकवली. बाजूला लाकडी ठोकळ्यावर ए३१४४ हा हॉल सेन्सर (चुंबक समोरून गेलं की कळवणारा), चुंबकापासून ५ ते ८ मिलिमीटरवर. हा सेन्सर चुंबकाच्या एकाच ध्रुवाला ओळखतो. चारांतलं एक उलटं बसलं की दर फेऱ्याला एक ठोका चुकतो आणि आवाज मधेच कचरतो. बांधण्याआधी चारही चुंबकं सेन्सरसमोर धरून बघावीत आणि बाहेरच्या बाजूला खडूने खूण करावी. सिग्नलच्या तारेला ५ व्होल्टकडे १० किलोओहमचा रेझिस्टर विसरू नये.

बेताच्या गतीने फेरा दोन सेकंदांत होतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक ठोका. दीड सेकंद ठोका आला नाही की आवाजाची पातळी सेकंदभरात उतरवत न्यायची आणि मग थांबवायचं. परत फिरवलं की तिथूनच पुढे. एकदम तोडलं तर ऐकणारा दचकून हात काढून घेतो. गती वाढवली म्हणून ओवी जलद होत नाही, हे मुद्दाम ठेवलं. मुलं जातं गरागरा फिरवून बघतात, काही बदलत नाही म्हणून हळू होतात आणि मग ऐकू लागतात. धान्याशिवाय दगडावर दगड घासला तर खर पडते आणि आवाजात ओवी बुडते. दोन तळ्यांमध्ये मधल्या खिळीभोवती जाड चामड्याची चकती घातली की वरची तळी दोन-तीन मिलिमीटर उचलली जाते आणि फिरायलाही हलकी होते.

फोनचं काम नाजूक. जुन्या फोनमधला कार्बनचा मायक्रोफोन मुद्रणाच्या लायकीचा नसतो. त्याच्या जागी छोटा इलेक्ट्रेट माइक बसवला. आत रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक आणि यूएसबी साउंड कार्ड. रिसीव्हर उचलला की खालचा स्विच सिग्नल देतो, वाडीतल्याच एका आजीच्या आवाजात प्रश्न येतो, मग टूं आवाज आणि जास्तीत जास्त तीन मिनिटं मुद्रण. फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि दोरी आखूड, मीटरभराचीच, म्हणजे बोलणाऱ्याला भिंतीकडेच तोंड करून उभं राहावं लागतं. प्रश्न बदलून बघितले. "तुमची एखादी आठवण सांगा" म्हटलं की लोक गप्प राहतात किंवा नाव-गाव सांगून ठेवून देतात. "कोणाचो फोन इलो म्हणान तुमी धावत गेल्लात?" याला सगळ्यात जास्त उत्तरं आली.

परवानगी चकतीवर घेतली. बोलून झाल्यावर २ फिरवला तर फक्त घरच्यांसाठी, ८ फिरवला तर सगळ्यांना ऐकवायला, काही न फिरवता ठेवला तर पुसलं जातं. चकती सोडल्यावर आकड्याइतके ठोके सेकंदाला साधारण दहाच्या वेगाने देते, शून्याचे दहा. जुन्या चकत्या एखादा ठोका खातात किंवा जास्त देतात, म्हणूनच आकडे लांबचे घेतले: १ ते ४ म्हणजे दोन समजायचे, ६ ते ९ म्हणजे आठ, आणि ५ किंवा शून्य आल्यास पुन्हा विचारायचं. मुलांना चकती फिरवून शेवटपर्यंत न्यायची असते हे माहीत नसतं. ते आकड्यावर बोट दाबत राहतात. शेजारी आजी-आजोबा उभे असले की शिकवणी तिथेच सुरू होते, आणि त्यातूनच बरेचसे किस्से निघतात.

वीज जाणार हे धरूनच चालावं. रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड वीज अचानक गेल्याने खराब होतं. म्हणून मूळ प्रणाली फक्त वाचता येईल अशी ठेवली आणि मुद्रणं पेनड्राइव्हवर, प्रत्येक फोननंतर लगेच पक्की लिहून. सगळ्याला मिळून सरासरी ४ वॅट लागतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी वापरली आणि रूपांतरात जाणारी वीज वजा केली तरी साधारण ३५ वॅट-तास हाती राहतात, म्हणजे आठ-नऊ तास. रात्री चार्जिंग, दिवसा फक्त बॅटरी. त्यामुळे पाहुण्यांच्या हाताशी येणाऱ्या कुठल्याच वस्तूत घराच्या जुन्या वायरिंगची वीज नव्हती, आणि ओल्या भिंतींच्या घरात हे फार महत्त्वाचं आहे.

खाऱ्या हवेत टोचून जोडायच्या तारा आठवड्यात दगा देतात. प्रत्येक जोड सोल्डर करावा, वर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्यावा. सर्किटच्या पाट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की बदलाव्यात. तारा आत जातात त्या भोकांना मेण लावावं, मुंग्यांना उबदार डबा आवडतो.

वेळ सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ६ एवढीच ठेवली. संध्याकाळी आरत्या आणि भजनं सुरू झाली की हळू आवाज टिकत नाही, आणि त्या वेळी माणसांनी तिथेच असावं. एका वेळी सहाच जण आत. दाराशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याने काय ऐकायचं ते सांगू नये, फक्त "हात लावा, उघडा" एवढंच म्हणावं. नाहीतर लोक वस्तूंकडे देवघरासारखं लांबून बघतात आणि पुढे जातात.

फोनवर जमा झालेल्या मुद्रणांतली ८ हा आकडा फिरवलेली रोज रात्री दोघांनी बसून ऐकायची, कोणाचं नाव किंवा भांडण अडचणीत आणणारं नाही ना ते बघायचं, आणि सकाळी कपाटातल्या संबंधित खणात घालायची. ज्यांचं आदल्या दिवशी खणात आलं, ते घरच्यांना घेऊन परत येतात. २ हा आकडा फिरवलेली त्या त्या घरी पेनड्राइव्हवर पोचवली. बोलताना नाव सांगितलेलं नसेल तर आवाज ओळखायला वाडीत विचारत फिरायचं नाही, फाइल पुसायची.

मूळ वेव्ह फाइलींच्या तीन प्रती आहेत: एक वाडीच्या मंडळाकडे, एक आमच्याकडे, एक वेगळ्या गावी. फाइलच्या नावात तारीख, वस्तू आणि परवानगीचा आकडा असतो, बोलणाऱ्याचं नाव नाही. नावांची वही फक्त मंडळाकडे. कोणी परवानगी मागे घेतली तर तिन्ही ठिकाणी पुसून वहीत तशी नोंद करायची आणि त्या माणसाला दाखवायची. असे निरोप बहुतेक वेळा घरातल्या कोणाच्या मृत्यूनंतर येतात, काही "काढा" म्हणून, काही "आम्हाला प्रत द्या" म्हणून. म्हणून ही वही आणि तिच्यासोबतचा फोन नंबर मांडणी उतरवल्यावरही चालू ठेवावा लागतो.